थिंकपॅड ७०१सी : बोर्ड गेला, फुलपाखरू कीबोर्ड वाचवायचा आहे

नमस्कार मंडळी,

काकांचा आयबीएम थिंकपॅड ७०१सी लॅपटॉप आता माझ्याकडे आला आहे. १९९५ चा. झाकण उघडलं की कीबोर्डचे दोन तुकडे तिरके सरकत एकमेकांत बसतात आणि पावणेदहा इंची डब्यातून साडेअकरा इंची कीबोर्ड बाहेर येतो. या ‘फुलपाखरू’ कीबोर्डची करामत आयबीएमचे अभियंते जॉन कॅरिडिस यांची. लहानपणी काकांकडे गेलो की मी तासन् तास त्याची नुसती उघडझाप करत बसायचो, आणि काका एकदाही रागावले नाहीत.

मदरबोर्ड मात्र गेला. बॅटरी गळून त्यावरच्या तांब्याच्या रेघा (ट्रॅक) खाल्ल्यात, दोन कारागिरांनी हात टेकले. म्हणजे मी चालतं यंत्र फोडत नाहीये. चालता असता तर ४८६ प्रोसेसरसकट तसाच जपला असता.

आत रास्पबेरी पाय, म्हणजे एकाच छोट्या बोर्डावरचा संगणक, बसवायचा विचार आहे. अट एकच, कवचाला भोक पाडायचं नाही आणि आतले स्क्रूचे खांब कापायचे नाहीत. उद्या चांगला बोर्ड मिळाला तर तो पुन्हा बसला पाहिजे.

स्क्रीनचं जमेल. मूळ पॅनेल १०.४ इंची, ६४० × ४८०. जुन्या आयपॅडचं ९.७ इंची पॅनेलही ४:३ च आहे, त्यामुळे डावी-उजवीकडे साधारण ७-७ मिमी फट राहील. ती काळ्या चौकटीने झाकेन.

घोडं अडलंय कीबोर्डपाशी. मल्टिमीटर लावून एकेक बटण दाबत मॅट्रिक्स, म्हणजे कोणतं बटण कोणत्या दोन तारा जोडतं ते, शोधतोय. दोन संध्याकाळींत जेमतेम निम्मी बटणं झाली. पुढे रास्पबेरी पाय पिको या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर क्यूएमके हे कीबोर्डचं फर्मवेअर टाकणार. पण कीबोर्डच्या पातळ, लवचिक फ्लेक्स केबलला थेट तारा डकवायला मन धजत नाही. केबल फाटली तर दुसरी आणायची कुठून? म्हणून मेलेल्या बोर्डावरचाच कनेक्टर हॉट एअरने (गरम हवेने डाख वितळवून) उतरवून छोट्या पीसीबीवर (सर्किट बोर्डावर) घ्यावा म्हणतो. तीस वर्षांचं प्लास्टिक ती उष्णता सोसेल का? कुणी बोर्ड आधी खालून तापवणारा प्रीहीटर लावून असं काम केलंय का? तापमान किती ठेवलंत?

दुसरं, लाल ट्रॅकपॉइंट, म्हणजे कीबोर्डमधली माउसची लाल गुंडी. तिच्यावरचा दाब मोजणाऱ्या स्ट्रेन गेजचा सिग्नल अगदी क्षीण असतो, त्याला अँप्लिफायर लागतोच. ७०१ मध्ये ते सर्किट कीबोर्डच्या बाजूला आहे की बोर्डावर? ज्यांनी हा लॅपटॉप उघडलाय त्यांनी कृपया सांगा, कारण बोर्डावर असेल तर तेवढा तुकडा नव्याने करावा लागेल.

रास्पबेरी पाय ४ चे यूएसबी पोर्ट उंच असल्याने तो कीबोर्डखाली मावत नाही. म्हणून त्याचंच पोर्ट नसलेलं छोटं रूप, ५५ × ४० मिमीचा कंप्यूट मॉड्यूल ४, घ्यायचं चाललंय. बंद डब्यात, पंखा न लावता, नुसत्या तांब्याच्या पट्टीवर त्याची उष्णता निघेल का?

घाई नाही. काका पुढच्या दिवाळीला येतील, तेव्हा झाकण त्यांनाच उघडायला द्यायचंय.