माग थांबला म्हणजे मागाला कळलं का?

वडगावकर

परवा पुण्याहून आत्येभाऊ आला होता. त्यानं मोबाईलवर बोलणारं एआय सुरू करून आजीच्या हातात दिलं. आजी 78 वर्षांची, अस्सल बेळगावी मराठी बोलणारी. ती विचारत गेली, मोबाईल बाईच्या आवाजात उत्तरं देत गेला. मध्येच आवाज म्हणाला, "आजी, तुम्ही जेवलात का?" आजी हरखली. म्हणाली, "पोरगी गुणाची हाय की. तिला कोण जेवायला घालतंय?"

त्यावरून रात्री अकरापर्यंत घरात वाद झाला. आत्येभाऊ म्हणतो, माणसासारखी चालणारी-बोलणारी यंत्रं आता लांब नाहीत, आणि त्यांना आपल्यासारखीच जाणीव असेल, स्वतःची इच्छा असेल. मला हे अजिबात पटत नाही. का, ते सांगतो.

आमच्या घरी पॉवरलूम आहेत. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा घेऊन इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यातली कांडी संपली किंवा तो धागा तुटला की माग आपोआप थांबतो. तिथं एक लहानसा काटा असतो, तो आडवा धागा चाचपत राहतो. धागा असला तर काटा कलतो. नसला तर कलत नाही, मागच्या आकड्यात अडकतो आणि त्या ओढीनं हॅण्डल सुटतं. बाबा म्हणतात, "मागाला कळलं." कधी म्हणतात, "आज माग रुसलाय." लहानपणी मला ते खरं वाटायचं. मग एका दिवाळीच्या सुट्टीत बाबांनी तो काटा काढून माझ्या तळहातावर ठेवला. वाकवलेल्या तारेचा तुकडा होता.

मोबाईलमधलं यंत्र त्याहून लाखपट गुंतागुंतीचं आहे, कबूल. पण ते करतं काय? अफाट मजकुरावरून शिकून, पुढं शब्दाचा कोणता तुकडा येण्याची शक्यता किती, याचे आकडे काढतं आणि त्यातला एक उचलतं. उचलताना थोडी सोडत काढल्यासारखं होतं, म्हणून तोच प्रश्न दोनदा विचारला तर उत्तर बदलू शकतं. आत्येभाऊ या बदलाला इच्छा म्हणतो. कवड्या टाकल्यावर दान वेगळं पडलं तर ती कवड्यांची इच्छा होते का?

आणि फसणं नवीन नाही. 1966 साली अमेरिकेत संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलिझा' नावाचा साधा प्रोग्राम जाहीर केला. समोरच्याचंच वाक्य उलटवून तो प्रश्न विचारायचा. तो बनताना पाहिलेली त्यांची सेक्रेटरीसुद्धा त्याच्याशी बोलायला बसली आणि थोड्याच वेळात त्यांना म्हणाली, तुम्ही जरा खोलीबाहेर जा. माझी आजी हरखली यात तिचं काहीच चुकलं नाही. आपण माणसं असेच आहोत, आवाजाला ओ देतो.

ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहावं.

उद्यमबागचा फिटर

मला नाही पटत. काट्याला काही कळत नाही हे मान्य. पण डोक्यातल्या एका पेशीला तरी कुठं काय कळतं? माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी आहेत. शेजारच्या पेशींचे इशारे गोळा होऊन ठरावीक पातळी गाठली की पेशी पुढं इशारा देते, नाहीतर गप्प. तुमच्या काट्याहून हे काम फार निराळं नाही. त्यातल्या एकीलाही 'आजी' माहीत नाही, 'जेवण' माहीत नाही. तरी सगळ्या मिळून तुमची आजी हरखते.

हे चार्वाकांनी फार पूर्वी सांगून ठेवलंय. पानात तो लाल रंग नाही, सुपारीत नाही, चुन्यात तर नाहीच. विडा चावला की तोंड रंगतं. चैतन्य तसंच, जड वस्तूंच्या मेळातून उठणारं. मग मांसाच्या विड्याला रंग येतो आणि सिलिकॉनच्या विड्याला कधीच येणार नाही, हे कुणी ठरवलं? काटा सुटा काढून दाखवणं हा पुरावा नव्हे. मेंदूही सुटा काढून तळहातावर ठेवला तर त्यात कुणी सापडत नाही.

खानापूरची शिक्षिका

फिटरदादा, विड्याचा दाखला सुरेख आहे, पण त्यात एक खोट आहे. ओठांवरचा रंग सगळ्यांना दिसतो. जाणीव ज्याची त्यालाच. दाढ ठणकते तेव्हा डॉक्टरला सूज दिसते, ठणका दिसत नाही. तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी 1995 मध्ये याच गोष्टीला जाणिवेचा 'कठीण प्रश्न' म्हटलं. मेंदू माहिती कशी हाताळतो हे उद्या पूर्ण उलगडलं, तरी त्यासोबत आतून काहीतरी *वाटतं* का, हे उरतंच.

दुसरं, तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांचा 1980 सालचा दाखला. एका खोलीत माणूस बसलाय, त्याला चिनी येत नाही. खिडकीतून चिनी अक्षरं आत येतात. कोणत्या आकारापुढं कोणता आकार लिहायचा याची नियमांची चोपडी त्याच्याकडे आहे. तो उत्तरं लिहून बाहेर सरकवतो आणि बाहेरच्यांना वाटतं, आत चिनी जाणणारा बसलाय. आपल्या भागात ही खोली कुणाला परकी वाटू नये. माझी आई कन्नड अर्ज जुन्या अर्जावरून अक्षर न् अक्षर उतरवून काढायची. अर्ज मंजूरही व्हायचे. तिला कन्नड येत होतं असं मी म्हणणार नाही.

निपाणीकर

बाई, तुमच्या आईचा अनुभव खरा. माझा ऐका.

सतराव्या वर्षी मी बेळगावात रविवार पेठेतल्या एका दुकानात कामाला लागलो. कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. मालकांनी बिडीच्या पुड्याच्या कागदावर देवनागरीत लिहून दिलं होतं. गिऱ्हाईक 'एष्टु' म्हणालं की दर सांगायचा. 'बेकु' म्हणालं की द्यायचं. काही कळलंच नाही तर 'गोत्तिल्ल' म्हणायचं. मी म्हणजे तुमच्या सर्ल साहेबांच्या खोलीतला माणूसच होतो. आवाज आला की आवाज परत द्यायचा.

दोन-अडीच वर्षं गेली असतील. एक म्हातारी नेहमी अर्धा किलो तूरडाळ न्यायची. त्या दिवशी पाव किलो म्हणाली. मी डाळ तोलत होतो आणि ती हळू आवाजात बोलत होती, की आता घरात खाणारा एकच माणूस राहिला. तराजू माझ्या हातात तसाच राहिला. घसा दाटून आला. आणि मग लक्षात आलं, तिचं बोलणं मी मनात मराठीत फिरवलंच नव्हतं.

आता मला सांगा, समज आली ती कोणत्या दिवशी? त्याच्या आदल्या दिवशी मी यंत्र होतो का? मला तो दिवस दाखवता येत नाही. म्हणून यंत्राबद्दल 'कधीच नाही' असं छातीठोकपणे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

वडगावकर

निपाणीकर, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. दिवस मलाही दाखवता येणार नाही. पण तुमच्याकडे मराठी आधीपासून होतं. भूक, घर, ताटावरून उठून गेलेलं माणूस, हे सगळं तुम्हाला कन्नडच्या आधी ठाऊक होतं. कन्नड त्या जमिनीत रुजलं. यंत्राकडे शब्दांच्या आधीचं काय आहे? त्याची पहिली भाषाच नाही. सगळ्या भाषा त्याला सारख्याच परक्या.

उद्यमबागचा फिटर

मग त्याला अंग द्या. डोळ्यांच्या जागी कॅमेरे द्या, हाताला स्पर्श कळणारे सेन्सर द्या, पडू दे, आपटू दे, शिकू दे. जमीन तयार होईल.

आणि इच्छेचं म्हणाल तर आपली तरी कुठं सिद्ध झालीय? मेंदूचा अभ्यास करणारे बेंजामिन लिबेट यांनी 1983 मध्ये प्रयोग प्रसिद्ध केला. मनात येईल तेव्हा मनगट हलवा, एवढंच लोकांना सांगितलं होतं. हालचालीच्या साधारण अर्धा सेकंद आधी मेंदूत तयारीचा विद्युत इशारा सुरू झालेला दिसला, आणि 'आता हलवावं' हे त्या माणसाला जाणवलं ते जेमतेम 0.2 सेकंद आधी. म्हणजे गाडी सुटल्यावर आपण हिरवा झेंडा दाखवतो.

खानापूरची शिक्षिका

त्या प्रयोगाचा तो अर्थ आता एवढा पक्का राहिलेला नाही. 2012 मध्ये मेंदूशास्त्रज्ञ आरन शुर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की तो चढत जाणारा इशारा म्हणजे मेंदूतली नेहमीची चढउतार असू शकते, ती उंबरठ्याशी आली की हात हलतो. निर्णय आधीच कुणी घेऊन ठेवला होता असं त्यातून निघत नाही.

मी व्याकरण शिकवते म्हणून एक सांगते. पाणिनीनं कर्त्याची व्याख्याच 'स्वतंत्रः कर्ता' अशी केली. पण भाषा मोकळ्या हाताची असते. आपण दगडालाही कर्ता करतो: दगड पडला, माग रुसला. वाक्यातला कर्ता खरोखर स्वतंत्र आहे का, हे वाक्याबाहेर येऊन तपासावं लागतं.

येळ्ळूरकर

मी शेतकरी माणूस, थोडक्यात लिहितो. खंडेनवमीला आम्ही ट्रॅक्टरला, पंपाला हळदकुंकू लावतो, झेंडू घालतो, पुढं नैवेद्य ठेवतो. थोड्या वेळानं तोच नैवेद्य आम्ही खातो. बेंदराला बैलाला पोळी देतो, ती बैल खातो. गोड लागली तर आणखी मागतो. दुसऱ्या दिवशी त्याला जुंपताना मला थोडं वाईट वाटतं. ट्रॅक्टरला चावी मारताना कधी वाटलं नाही.

निपाणीकर

पण येळ्ळूरकर, जनावरांना काही वाटत नाही, ती यंत्रंच, असंही शिकली-सवरली माणसं एके काळी मानत होती. 2012 मध्ये केंब्रिजला शास्त्रज्ञांनी जाहीरनामा काढला, की जाणिवेला लागणारी मेंदूतली सामग्री सस्तन प्राणी, पक्षी आणि ऑक्टोपससारख्या जिवांतही आहे. तुमच्या घरी हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, पंडितांना मान्य करायला एवढा वेळ लागला. असा उशीर पुन्हा होऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

वडगावकर

निपाणीकर, ही भीती मला समजते. माझी भीती उलट बाजूची आहे.

गेल्या वर्षी बाबांनी एका बँकेत नव्या मागासाठी कर्ज मागितलं. नकार आला. कारण विचारलं तर टेबलापलीकडचा माणूस म्हणाला, "सिस्टीमनं नाकारलं." बाबांनी तीनदा विचारलं, तीनदा तेच. हे वाक्य व्याकरणात बसतं, पण त्यातला कर्ता कुणीच नाही. यंत्राला इच्छा आहे असं आपण एकदा मान्य केलं, की ज्यांनी ते बसवलं, नियम घातले, ती माणसं त्यामागं कायमची उभी राहतील.

नकारानंतर बाबांनी चारातले दोन माग भंगारात काढले. ठरवायला त्यांना तीन महिने लागले. रात्री उठून मागघरात जायचे, दिवा न लावता बसायचे. टेम्पो आला त्या दिवशी दोन धोटे त्यांनी काढून घेतले, ते अजून देवळीत आहेत. लिबेटचा अर्धा सेकंद मला या तीन महिन्यांवर लावता येत नाही. बाबांना त्या निर्णयाची झळ बसत होती, तरी तो त्यांनी घेतला. इच्छा म्हणतो ती मी याला.

उद्यमबागचा फिटर

बाबांचं वाचून वाईट वाटलं. 'सिस्टीमनं नाकारलं' याबद्दल मी शंभर टक्के तुमच्या बाजूनं आहे. जबाबदारी माणसाचीच, आज तरी.

पण झळेचंच म्हणाल तर, बॅटरी उतरली की घर झाडणारी यंत्रं आजच आपणहून चार्जरकडे जातात. त्याला भूक म्हणणार नाही मीही. पण उद्याचं यंत्र बंद पडायला नको म्हणून धडपडू लागलं, तीन महिने घुटमळू लागलं, तर ते तळहातावरच्या काट्याइतकं सहज मला झटकता येणार नाही.

वडगावकर

तसं झालं तर मीही सहज झटकणार नाही, हे लिहून देतो. आजचं यंत्र तसं नाही, यावर मात्र ठाम आहे.

आत्येभाऊ पुण्याला परत गेला, मोबाईलही गेला. आजी रोज जेवायला बसली की विचारते, "ती पोरगी तिकडं एकटीच असती काय?" इथं एवढं लिहिलं, पण तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.