मदत हवी आहे: ड्रॉइंग व्ह्यूअर उघडतच नाही!!

व्हीएमसीवाला:
कालपासून व्ह्यूअर उघडत नाहीये. डबल क्लिक केलं की एरर, ओके दाबलं की संपलं. काढून परत टाकला, तेच. सोमवारी कोटेशन द्यायचंय, पार्टीने डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची ड्रॉइंग फाइल) पाठवलीये. लवकर सांगा प्लीज.

बाराखडी:
कुठला व्ह्यूअर? विंडोज कुठलं? एररमध्ये लिहिलंय काय? नाडी न दाखवता औषध मागताय राव.

व्हीएमसीवाला:
फ्रीवाला. विंडोज १०, ६४ बिट. ‘अनेबल टू स्टार्ट करेक्टली’ आणि पुढे ०एक्ससी०००००७बी.

लेथवाला_भोसरी:
ग्राफिक्स ड्रायव्हर. डोळे झाकून सांगतो. आमच्याकडे सेम झालं होतं, नवा टाकला, चालू.

बाराखडी:
ड्रायव्हर असता तर ओपनजीएलच्या (ग्राफिक्सच्या सिस्टमच्या) नावाने रडला असता, नाहीतर खिडकी उघडून काळी पडली असती. ७बी म्हणजे बहुतेक वेळा ३२ आणि ६४ बिटच्या डीएलएलची, म्हणजे प्रोग्रॅमला लागणाऱ्या जोड-फायलींची सरमिसळ.

लेथवाला_भोसरी:
बारा वर्षं हेच करतोय साहेब.

प्लॉटर:
फाइल नव्या व्हर्जनची असेल. नोटपॅडमध्ये उघडून पहिली सहा अक्षरं बघा. एसी१०३२ म्हणजे २०१८ चा फॉरमॅट, एसी१०२७ म्हणजे २०१३ चा.

बाराखडी:
माहिती बरोबर, पण इथे व्ह्यूअरच उठत नाहीये, फाइलचा नंबर कुठून लागणार?

रिटायर्ड_ड्राफ्ट्समन:
आमच्या वेळी ट्रेसिंग आणि अमोनिया प्रिंट. वास यायचा, पण लाइट गेली तरी ड्रॉइंग उघडायचं.

बाराखडी:
काका 😄
व्हीएमसीवाला, याच्या आधी दुसरी कुठली एरर येत होती का?

व्हीएमसीवाला:
हो, परवा ‘एमएसव्हीसीपी१४० डॉट डीएलएल मिसिंग’ यायचं. भाच्याने नेटवरून ती उतरवून व्ह्यूअरच्या फोल्डरमध्ये पेस्ट केली. ते सांगायचं राहिलं.

बाराखडी:
राहिलं म्हणे! तिथेच तर घोडं अडलंय. भाच्याने ३२ बिटची आणली असणार. अनइन्स्टॉल करताना व्ह्यूअर फक्त स्वतःच्या फायली काढतो, ही पाहुणी तशीच बसून राहते. आधी ती उडवा. मग मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल (ही डीएलएल त्यातच येते) घ्या, एक्स८६ (३२ बिट) आणि एक्स६४ (६४ बिट) दोन्ही टाका, रीस्टार्ट मारा. सिस्टम३२ मध्ये नाही ना काही पेस्ट केलं? ६४ बिट विंडोजमध्ये तिथे ६४ च्या फायली असतात आणि सिसवाव६४ मध्ये ३२ च्या. नावं उलटी, भलेभले फसतात.

व्हीएमसीवाला:
नाही, तिथे हात नाही लावला. करून बघतो.

व्हीएमसीवाला:
उघडला!!! थँक्यू. पण शाफ्टचा व्यास १.५ दाखवतोय. एवढा बारीक?

प्लॉटर:
इंचात असेल. २५.४ ने गुणा, ३८.१ मिमी. पार्टीला विचारून मगच रेट द्या.

लेथवाला_भोसरी:
तरी ड्रायव्हर टाकून घ्याच.