जुन्या चेतकला पॉइंटच ठेवू की इलेक्ट्रॉनिक इग्निशन करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाबांची 1984 ची बजाज चेतक पुन्हा उभी करतोय. क्रँकची बेअरिंग आणि दोन्ही ऑइल सील नवी टाकून झाली. आता मॅग्नेट (क्रँकवर फिरणारं, वीज तयार करणारं चुंबकी चाक) बसवायचं, पण त्याआधी इग्निशनचा निर्णय घ्यायला हवा: जुने पॉइंट, म्हणजे उघडझाप करून प्लगला स्पार्क देणारे संपर्क, ठेवायचे की इलेक्ट्रॉनिक करायचं.

आधीचा त्रास असा. थंड असताना गाडी दुसऱ्या किकला सुरू व्हायची. आठ-दहा किलोमीटर झाले की फटफट करत बंद. प्लग काढून पाहिलं तर स्पार्क पिवळट आणि अशक्त. अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा चालू. मॅग्नेट काढलं तेव्हा पॉइंटच्या एका बाजूला खड्डा आणि समोरच्या बाजूला तेवढाच उंचवटा दिसला. त्यात मॅग्नेटकडचं सील गळत असल्याने पॉइंट ज्यावर बसतात त्या सगळ्या प्लेटवर ऑइल. माझा संशय कंडेन्सरवर (पॉइंटवर ठिणगी पडू न देणारा छोटा भाग) आहे. तो मॅग्नेटच्या आत बसतो आणि इंजिनाच्या गरमीने जातो.

मेकॅनिक म्हणतो, पॉइंटची कटकट कायमची संपव, इलेक्ट्रॉनिक करून टाक. गॅप नाही, घासणं नाही, हे मलाही पटतं. पण नुसता सीडीआय (पॉइंटचं काम करणारा इलेक्ट्रॉनिक डबा) लावून भागत नाही. प्लेट बदलायची, मॅग्नेट बदलायचं, आणि आमची गाडी 6 व्होल्टची, म्हणजे किट 12 व्होल्टचं आलं तर बल्ब-हॉर्नही बदलायचे. शिवाय सीडीआय घाटात बिघडला तर तिथे काही करता येत नाही. पॉइंट असेल तर स्क्रू ड्रायव्हर आणि फीलर गेजवर (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) घरी पोहोचता येतं.

बाबा पॉइंटचा गॅप 0.4 मिमीला लावायचे (0.3 ते 0.5 चालतो). मग पॉइंटमध्ये पतंगाच्या कागदाची पट्टी धरून मॅग्नेट हळूहळू फिरवायचे. पट्टी सैल होऊन हातात आली की तिथे पॉइंट उघडतोय, आणि टायमिंगची, म्हणजे स्पार्क कधी पडायचा त्याची, खूण तिथेच जुळली पाहिजे. गॅप वाढला की टायमिंग पुढे सरकतं, म्हणून आधी गॅप, मग टायमिंग, हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही. माझा कल पॉइंटकडेच आहे, हे उघड सांगतो.

आता ज्यांनी स्वतः केलंय त्यांना विचारायचंय. कंडेन्सर प्लेटवरून काढून बाहेर, एचटी कॉइलशेजारी (प्लगला जास्त व्होल्टेज देणारी कॉइल) लावला तर गरम झाल्यावर बंद पडणं खरंच थांबतं का? कोणी तसा लावून उन्हाळ्यात लांबचा प्रवास केलाय का? वायर किती लांब ठेवली, अर्थिंग नीट मिळावं म्हणून बॉडीवरचा रंग खरवडावा लागला का?

आणि ज्यांनी इलेक्ट्रॉनिक केलंय त्यांनी एवढं सांगा: नवं मॅग्नेट जुन्या क्रँकच्या टेपरवर (निमुळत्या टोकावर) नीट बसलं, की क्रँकही बदलावा लागला? क्रँक बदलायचा असेल तर हा विषय माझ्यापुरता संपला, कारण इंजिन पुन्हा फोडायची माझी तयारी नाही.

मॅग्नेट सध्या कापडात गुंडाळून ठेवलंय. रविवारी बसवायचा विचार आहे, त्याआधी कोणी अनुभव लिहिला तर फार बरं होईल.