अनुभव धागा: मेक्सिकन-अमेरिकन घराण्याचं मूळ गाव कसं शोधायचं?

टेक्सास-कॅलिफोर्नियात चार पिढ्या काढलेल्या घरांत बहुतेकदा "पणजोबा मेक्सिकन क्रांतीच्या (१९१०-२०) धामधुमीत आले" एवढंच ठाऊक असतं. यात हात घातलेल्यांनी नेमकं लिहा. आठवणी नकोत, कृती हवी.

प्रतिसाद: गावाचं नाव कळल्याशिवाय मेक्सिकोच्या दप्तरांत शिरू नका, नुसती दमछाक होते. आधी सीमा ओलांडल्याची कार्डं बघा. साधारण १९०३ ते १९५५ ची आहेत, फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट. जन्मगाव, मागे राहिलेल्या नातेवाइकाचं नाव, उंची, अंगावरची खूण, सगळं असतं. कार्डाची मागची बाजूही उघडा. लोक तीच विसरतात.

प्रतिसाद: कार्ड मिळत नसेल तर आईकडच्या आडनावाने शोधा. मेक्सिकोत वडिलांचं आडनाव आधी आणि आईचं शेवटी; अमेरिकन कारकून शेवटचं तेच खरं धरायचा. बायका लग्नानंतरही माहेरचंच लावतात.

प्रतिसाद: कार्ड मुळात नसेलही. १९१७ च्या अमेरिकन कायद्याने माणशी ८ डॉलर कर आणि साक्षरता चाचणी आली, मग कित्येक जण परस्पर सीमेवरची नदी पार करून आले. १९२९ च्या कायद्याने ३ जून १९२१ पूर्वी आलेल्यांना २० डॉलर भरून नोंद नियमित करता आली. त्या रजिस्ट्री फाइल्स यूएससीआयएस या अमेरिकन स्थलांतर खात्याच्या वंशावळ विभागाकडून मागवता येतात. चिकाटी ठेवा.

प्रतिसाद: गाव मिळालं की मेक्सिकोची नागरी नोंदणी, म्हणजे जन्म-लग्न-मृत्यूच्या सरकारी वह्या. कायदा १८५९ चा, पण खेड्यांत वह्या उशिरा सुरू झाल्या. त्याआधीचं सगळं चर्चच्या बाप्तिस्मा-वह्यांत. जन्मनोंदीत बहुतेक वेळा चारही आजी-आजोबा सापडतात, म्हणजे एका पानात दोन पिढ्या! मात्र सुरुवातीची तारीख नोंदणीची असते, जन्माची आत मजकुरात. समासातले शेरे सोडू नका, पुढच्या लग्नाचा पत्ता तिथेच लागतो. १९२६ ते १९२९ च्या क्रिस्तेरो संघर्षात (सरकारविरुद्ध कॅथलिकांचं बंड) चर्चमधली उपासना बंद होती. त्या वर्षांचा बाप्तिस्मा मिळाला नाही तरी नागरी वही बघा.

प्रतिसाद: मेक्सिकन नागरिकत्वासाठी हे करत असाल तर क्रम चुकवू नका. २०२१ च्या घटनादुरुस्तीने परदेशात जन्मलेल्या मेक्सिकन नागरिकाच्या मुलांनाही हक्क मिळाला. पण आजोबा तिकडचे असतील तर आधी आई किंवा वडिलांची मेक्सिकन वाणिज्य दूतावासात नोंद, मग तुमची. एका दाखल्यावर 'मारिया' आणि दुसऱ्यावर 'मेरी' असेल तर काम तिथेच अडतं. दुरुस्ती आधी करून घ्या, भेटीची वेळ नंतर.