अमेरिकी वाहिन्यांच्या बातम्या ऑस्ट्रेलियातील प्रेक्षकाने का वाचाव्यात?

यारातीर (मेलबर्न)

दरवर्षी मे महिन्यात अमेरिकेतील मोठ्या वाहिन्या न्यूयॉर्कमध्ये जाहिरातदारांसमोर पुढच्या हंगामाचे कार्यक्रम मांडतात. कोणती मालिका चालू राहणार, कोणती बंद होणार आणि कोणती नवी येणार, हे साधारण त्याच सुमारास ठरते. या बातम्या मी वीस वर्षे नेमाने वाचत आलो आहे. मागच्या आठवड्यात एका स्नेह्यांनी विचारले, की आपण राहतो मेलबर्नला, मग तिकडच्या वेळापत्रकाशी आपला काय संबंध? त्याचे सविस्तर उत्तर द्यावेसे वाटले, म्हणून हा धागा.

हा संबंध ऋतूंपासून सुरू होतो. अमेरिकी हंगाम सप्टेंबरात उघडतो आणि मे महिन्यात मिटतो. आपल्याकडे प्रेक्षकसंख्या मोजण्याचा मुख्य काळ फेब्रुवारी ते नोव्हेंबर. डिसेंबर-जानेवारीत लोक सुट्टीवर असल्यामुळे वाहिन्या आपल्या हुकमी मालिका फेब्रुवारीसाठी राखून ठेवत. म्हणूनच सप्टेंबर २००४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली 'लॉस्ट' येथील चॅनेल सेव्हनवर २००५ च्या फेब्रुवारीत आली. पाच महिन्यांच्या या अंतरामुळे कधीकधी असे होई, की आपण एखाद्या मालिकेत नुकते गुंतू लागलेलो असताना ती तिकडे बंद झाल्याचे जाहीरही झालेले असे. माझी एक आवडती मालिका येथील एका वाहिनीने साडेआठवरून साडेदहाला, मग अकराला ढकलली आणि एके दिवशी काही न सांगता काढून टाकली. तिचे उरलेले भाग चित्रितच झाले नाहीत, की चित्रित होऊनही येथे दाखवले जात नाहीत, हे मला अमेरिकेतील बातमीवरूनच कळले.

दुसरे कारण मालकीचे आहे. २०१७ च्या जून महिन्यात येथील नेटवर्क टेन ही वाहिनी आर्थिक अडचणीत येऊन तिचा कारभार प्रशासकांच्या हाती गेला आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या सीबीएसने ती वाहिनी विकत घेतली. ज्या वाहिनीची मालकीच अमेरिकी आहे, तिचे भवितव्य समजून घ्यायचे तर अमेरिकी बातम्या वाचणे हे आपले कामच ठरते.

अक्षरवेल (सिडनी)

यारातीर, आपण वर्णन केलेला काळ खरा होता, पण तो सरला आहे. स्टॅन आणि नेटफ्लिक्स या दोन्ही स्ट्रीमिंग सेवा येथे २०१५ च्या सुरुवातीला आल्या, डिस्ने प्लस २०१९ मध्ये आली, आणि मालिका येथे कधी पोहोचेल हा प्रश्न बहुतेकांच्या आयुष्यातून निघून गेला. तो प्रश्न गेल्यावरही आपण तितक्याच तन्मयतेने तिकडची वेळापत्रके वाचत असू, तर ती गरज राहिलेली नाही, ती जुनी सवय आहे. आणि या सवयीची किंमत येथील मालिका मोजतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी शाळेत नाट्य शिकवते. माझ्या वर्गातील मुलांना अमेरिकेतील कोणती मालिका रद्द झाली हे दुसऱ्या दिवशी माहीत असते. येथे चित्रित झालेली चांगली मालिका मात्र येऊन गेली तरी तिचे नाव त्यांच्या कानावर पडत नाही. येथील व्यावसायिक वाहिन्यांना मुख्य वाहिनीवर सकाळी सहा ते मध्यरात्रीपर्यंत ५५ टक्के कार्यक्रम ऑस्ट्रेलियन असावेत असे बंधन आहे, पण स्ट्रीमिंग सेवांवर मात्र नेटफ्लिक्स आल्यापासून दहा वर्षे असे कोणतेच बंधन नव्हते. त्या दहा वर्षांत आपण प्रेक्षकांनी त्याबद्दल किती आवाज उठवला? आपले लक्ष दुसरीकडे होते.

पश्चिमवारा (पर्थ)

वाट पाहण्याचा प्रश्न एका रात्रीत सुटला नाही, हे नोंदवतो. 'गेम ऑफ थ्रोन्स' येथे इतक्या प्रमाणात बेकायदा उतरवून घेतली जात होती, की २०१३ मध्ये अमेरिकेच्या तत्कालीन राजदूतांना फेसबुकवर जाहीर विनंती करावी लागली. २०१९ मधील शेवटचा हंगाम फॉक्सटेल या येथील सशुल्क वाहिनीसेवेने अमेरिकेबरोबरच दाखवला, म्हणजे सिडनीत सोमवारी सकाळी अकरा आणि आमच्या पर्थमध्ये सकाळी नऊ. भर कामाच्या वेळी! संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत कोण मेले हे सर्वांना ठाऊक असे. विलंब संपला, तरी तिकडचे घड्याळ आमच्यावर चालतच राहिले.

यारातीर

अक्षरवेल, आपल्या कळकळीबद्दल आदर आहे, पण अमेरिकी बातम्या वाचल्याने येथील मालिकांचे नुकसान होते, हे मला पटत नाही. दोन उदाहरणे देतो.

'नेबर्स' ही मालिका १९८५ पासून माझ्या मेलबर्न शहरात चित्रित होत होती. २०२२ मध्ये तिला पैसा पुरवणाऱ्या ब्रिटनच्या चॅनेल फाइव्हने हात काढून घेतल्यावर ती बंद पडली, २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनने तिला पुन्हा उभे केले आणि २०२५ च्या फेब्रुवारीत त्याच अ‍ॅमेझॉनने ती वर्षअखेरीस थांबणार असल्याचे कळवले. नूनावाडिंगच्या स्टुडिओत काम करणाऱ्या माणसांच्या रोजगाराचा निर्णय अमेरिकी कंपनीने घेतला. ही बातमी अमेरिकी की ऑस्ट्रेलियन, हे आपणच ठरवा.

उलट बाजूचे उदाहरण 'एनसीआयएस: सिडनी'चे. २०२३ मध्ये अमेरिकी लेखकांचा संप १४८ दिवस चालला, त्यातच जुलैमध्ये कलाकारही संपावर गेले आणि सीबीएसकडे नव्या भागांची टंचाई झाली. त्यामुळे येथील प्रेक्षकांसाठी आखलेली ही मालिका त्या नोव्हेंबरात अमेरिकेत मुख्य वेळेत दाखवली गेली. संपाच्या बातम्या ज्यांनी वाचल्या नव्हत्या, त्यांना ही संधी कुठून आली हे समजलेच नसेल.

अक्षरवेल

'नेबर्स'चे उदाहरण आपण दिले, ते माझ्याच बाजूचे आहे. चाळीस वर्षे चाललेली मालिका आधी लंडनच्या आणि मग अमेरिकेच्या पैशावर जगत असेल, तर तिकडची बातमी आधी वाचून आपण फक्त दुःखासाठी आधीच तयार राहतो. तो निर्णय बदलण्याची शक्ती आपल्याकडे येत नाही. शक्ती येते ती येथील पैशातून आणि येथील धोरणातून. ब्रिस्बेनमध्ये तयार होणारी 'ब्लूई' ही लहान मुलांची अ‍ॅनिमेशन मालिका ऑस्ट्रेलियाची सार्वजनिक प्रसारणसंस्था एबीसी आणि बीबीसी स्टुडिओज यांच्या पाठबळावर उभी राहिली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेत स्ट्रीमिंगवर सर्वाधिक मिनिटे पाहिला गेलेला कार्यक्रम तोच ठरला. त्यातील पात्रांचे उच्चार, अंगण, पक्ष्यांचे आवाज सारे क्वीन्सलँडचे आहे, आणि अमेरिकेतील मुलांनी ते जसेच्या तसे स्वीकारले.

तिकडचे वाचू नका, असे मी म्हणत नाही. परंतु नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या संसदेने संमत केलेल्या कायद्याची चर्चा आपल्या मंडळींत मी एकदाही ऐकली नाही. येथे दहा लाखांहून अधिक ग्राहक असलेल्या स्ट्रीमिंग सेवांनी आपल्या ऑस्ट्रेलियातील खर्चाच्या दहा टक्के किंवा महसुलाच्या साडेसात टक्के रक्कम नव्या स्थानिक मालिका, बालकार्यक्रम आणि माहितीपट यांवर खर्च करावी, असे तो कायदा सांगतो. कोणता पर्याय कोणती सेवा निवडते, यावर येथे किती मालिका बनतील हे ठरणार आहे.

यारातीर

कायद्याचा मुद्दा मान्य आहे, आणि त्यावर मी आजवर काही लिहिले नाही हेही खरे. मात्र या दोन पर्यायांपैकी कोणता निवडायचा, हे त्या कंपन्या बहुतेक अमेरिकेतील मुख्यालयातच ठरवतील, आणि त्याची पहिली बातमीही तिकडूनच येईल. ती मी वाचेन आणि याच धाग्यावर आणून ठेवेन.

अक्षरवेल

अवश्य आणा. त्याखाली येथे कोणती नवी मालिका कोणत्या गावी चित्रित होत आहे, याची नोंद मी करत जाईन.