बार्देशातल्या नव्या गेटेड प्रकल्पात व्हिलाचा ताबा: सही करण्याआधी काय काय तपासायचं?

चिऱ्याचं_घर (प्रश्न)

गोव्यातल्या बार्देश तालुक्यात, किनाऱ्यापासून सात-आठ किलोमीटर आत, 64 व्हिलांचा गेटेड प्रकल्प. क्लबहाउस, मोठा सामायिक पूल, शिवाय प्रत्येक घरामागे छोटा पूल. तीन फेज आहेत. पहिल्या फेजमध्ये लोक राहतात, दुसऱ्या फेजचा ताबा पुढच्या महिन्यात आहे. बिल्डर 24 महिन्यांचा मेंटेनन्स आगाऊ मागतो: महिना 8,200 आणि वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकूण 2,32,224 रुपये. कॉर्पस, म्हणजे मोठ्या खर्चासाठीची एकरकमी ठेव, वेगळा.

घर आतून चकाचक आहे, त्याची फार चिंता नाही. चिंता आहे ती सगळ्यांच्या मिळून ज्या गोष्टी आहेत त्यांची. सकाळी सात-आठच्या सुमाराला गेटपाशी सडक्या अंड्यासारखा वास येतो, दुपारी तो नसतो. पहिल्या फेजची पन्नास टक्क्यांहून जास्त घरं सुट्टीपुरती उघडतात. ताबापत्रावर सही करण्याआधी नेमकं काय बघावं आणि काय लेखी मागावं?

सनद_आणि_ओसी

कागदांचं थोडक्यात सांगतो, बाकीचे पंप-पाइपवाले बोलतीलच.

पहिली गोष्ट ओसी, म्हणजे राहायला परवानगी देणारा भोगवटा दाखला. नगरनियोजन खात्याचा कंप्लिशन आदेश, आरोग्य केंद्राचा ना हरकत दाखला आणि स्ट्रक्चरल स्टॅबिलिटीचा दाखला यांच्या आधारे पंचायत ओसी देते. ओसी तुमच्या व्हिलाच्या नंबरासकट हवी. 'फेज एकची ओसी आहे, तुमची येतेच आहे' याला काही अर्थ नाही. ओसीशिवाय घरपट्टी लावून घेणं आणि वीज खात्याचं कायमचं कनेक्शन, दोन्ही अडतं. मग लोक बांधकामाच्या तात्पुरत्या कनेक्शनवर, जास्त दराने वीज जाळत बसतात.

दुसरी, गोवा रेराच्या (बांधकाम प्रकल्पांवरचं नियामक प्राधिकरण) साइटवर तिन्ही फेजची नोंदणी वेगवेगळी उघडून बघा. क्लबहाउस, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) आणि पाण्याचा संप (जमिनीखालची टाकी) कुठल्या फेजमध्ये दाखवलेत? क्लबहाउस बहुतेक वेळा शेवटच्या फेजमध्ये असतं आणि शेवटची फेज रखडते. मंजूर आराखड्यात सामायिक जागेत बदल करायचा तर दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते, रेराचं कलम 14. ताबापत्राबरोबर अशी 'संमती'ही हळूच पुढे सरकवतात, तेव्हा प्रत्येक पान वाचा.

तिसरी, एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सातबारा. कुळाचा रकाना आणि इतर हक्क, दोन्ही बघा. कूळ म्हणून मिळालेल्या शेतजमिनीवर 1991 च्या जमीन वापर कायद्याने शेतीशिवाय काही करता येत नाही. सनद (शेतजमीन बिगरशेती केल्याचा आदेश) पूर्ण सर्व्हे नंबरची आहे की त्यातल्या तुकड्याची, तेही नकाशावर जुळवा. आत येणारा रस्ता कुणाच्या सर्व्हे नंबरातून जातो हे विचारायला निम्मे लोक विसरतात.

ताबापत्रात 'सर्व काम समाधानकारक आढळले' अशी ओळ असेल तर ती खोडा आणि 'सोबत जोडलेल्या त्रुटींच्या यादीच्या अधीन राहून ताबा घेतला' असं लिहून मगच सही. ताब्याच्या तारखेपासून पाच वर्षं बांधकामातला किंवा सेवासुविधांमधला दोष 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. पण तक्रार लेखी आणि तारखेसकट हवी. फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं.

ब्लोअर_खोली

सकाळी वास, दुपारी नाही, म्हणजे रात्री एसटीपीचा ब्लोअर, टाकीत हवा सोडणारा पंखा, बंद ठेवतात. हवा थांबली की टाकीतला प्राणवायू संपतो, हवेशिवाय जगणारे जंतू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि सकाळी ब्लोअर सुरू झाला की तो साठलेला वायू एकदम बाहेर पडतो. वीज वाचवायचा हा सगळ्यात जुना उपाय. पाच एचपीचा ब्लोअर सोळा तास चालला तरी दिवसाला साठेक युनिट जातात, महिन्याला अठराशे. म्हणून ऑपरेटरला तोंडी सूचना असते.

तपासणं सोपं आहे. पॅनलवर ब्लोअरचा अवर मीटर असतो, तो एकूण किती तास चालला ते दाखवतो. आज संध्याकाळी सहाला त्याचा फोटो घ्या, उद्या सहाला दुसरा. फरक किती तासांचा, ते बघा. दोन ब्लोअर असतील तर दोन्हींची बेरीज करा.

पण गोव्यातल्या अशा प्रकल्पांचं मूळ दुखणं वेगळं आहे. एसटीपी भरलेल्या वसाहतीसाठी बांधतात आणि वसाहत भरते वर्षातून दोनदा. हिशोब मांडा: 64 घरं, घरी पाच माणसं, माणशी 135 लिटर पाणी, त्यातलं 80 टक्के सांडपाणी. म्हणजे रोज साधारण 35 हजार लिटर. जुलैत नऊ घरं उघडी आणि घरी तीन माणसं असतील तर येतात जेमतेम 2,900 लिटर. जंतू उपाशी मरतात. मग नाताळ ते नववर्ष एकेका घरात सात-आठ जण, रोज 48 ते 55 हजार लिटर. मेलेल्या टाकीवर दीडपट भार. एक जानेवारीला बागेत एसटीपीचं पाणी फिरतं तेव्हा वास का येतो, ते आता कळेल.

म्हणून बिल्डरला विचारायचे प्रश्न असे. प्लांट दोन समांतर टाक्यांचा आहे का, म्हणजे पावसाळ्यात एक बंद ठेवता येईल? इक्वलायझेशन टाकी, म्हणजे कमीजास्त येणारं सांडपाणी आधी साठवणारी टाकी, किती तासांची? ब्लोअरला टायमर आहे का? कमी भार असताना ब्लोअर थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद असा टायमरवर चालवायला हरकत नाही, पण सलग दोन तासांवर बंद नको.

टाकीची तब्येत बघायला प्रयोगशाळा लागत नाही. साधा अॅक्टिव्हेटेड स्लज किंवा एसबीआर प्लांट (दोन्हीत जंतूंचा गाळ पाण्यात तरंगता असतो) असेल तर हवा चालू असताना एक लिटरच्या मोजपात्रात टाकीतलं पाणी घ्या आणि अर्धा तास हलवू नका. खाली 200 ते 300 मिलि तपकिरी गाळ आणि वर नितळ पाणी दिसलं तर ठीक. गाळ 50 मिलि म्हणजे टाकीत जंतूच नाहीत. काळा आणि घाण वासाचा म्हणजे हवा कमी. वर पांढरा साबणासारखा फेस म्हणजे गाळ कोवळा आहे.

डिसेंबरसाठी तयारी नोव्हेंबरच्या शेवटी सुरू करावी. सगळ्यात चांगलं म्हणजे चालू एसटीपीचा ताजा गाळ टँकरने आणून टाकणं. शेणाचा काला लोक ओततात, चालतो, पण त्यातला चोथा पंपात अडकतो, गाळून घ्या. खाद्य म्हणून गूळ. एक किलो गूळ म्हणजे ढोबळमानाने पंधरा माणसांच्या सांडपाण्याएवढं खाद्य, त्यासोबत साठ-सत्तर ग्रॅम युरिया आणि तीस-पस्तीस ग्रॅम डीएपी खत. नुसता गूळ टाकत राहिलं तर नत्र आणि स्फुरद कमी पडून गाळ फुगतो आणि खाली बसत नाही.

बंद घराच्या आतला वास मात्र एसटीपीचा नसतो. न्हाणी ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि वायू वर येतो. घर बंद करताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी आणि वर दोन चमचे तेल ओता, पाणी आटत नाही. खोबरेल नको, जानेवारीत पहाटे थिजतं.

चिऱ्याचं_घर

अवर मीटरचं उद्याच बघतो. आणखी एक. पहिल्या फेजवाले सांगतात की जून-जुलैत रस्त्यावरचे चेंबर उसळतात. बिल्डरचा माणूस म्हणतो, एसटीपीची क्षमता वाढवावी लागेल आणि खर्च कॉर्पसमधून होईल.

ब्लोअर_खोली

क्षमतेचा संबंध नाही. पावसाळ्यात घरं रिकामी, तरी चेंबर उसळतात म्हणजे छपराचं पाणी मलवाहिनीत सोडलंय. 150 चौरस मीटरचं छप्पर आणि तासाला 50 मिमी पाऊस, म्हणजे एका घरावरून तासाला साडेसात हजार लिटर. पाच घरांच्या पन्हळी चुकीच्या चेंबरला जोडल्या असतील तरी दिवसभराचा 35 हजारांचा प्लांट एका तासात भरून वाहतो. कितीही मोठा बांधा, वाहणारच.

कोरड्या दिवशी एकेका पन्हळीत बादलीभर पाण्यात खाण्याचा रंग मिसळून ओता आणि खालचं सांडपाण्याचं चेंबर उघडून बघा. रंग दिसला की फोटो काढा आणि व्हिलाचा नंबर लिहा. छोट्या पुलांच्या फिल्टरचं बॅकवॉश पाणी कुठे जातं, तेही असंच तपासा, क्लोरीनने टाकीतले जंतू मरतात. हा बिल्डरचा दोष आहे, कॉर्पसला हात लावू देऊ नका.

गडगा

पाणी, वीज आणि भिंती.

बार्देशला पाणी असनोड्याच्या प्रकल्पातून येतं आणि असनोड्याला तिळारीच्या कालव्याचा आधार. कालव्याला भगदाड पडलं की तालुक्याचे नळ कोरडे. तेव्हा संपमध्ये पूर्ण वसाहतीचं किमान दोन दिवसांचं पाणी, म्हणजे वरच्या माणशी 135 लिटरच्या हिशोबाने 85-90 हजार लिटर, बसतं का बघा. आगीसाठी राखीव टाकी वेगळी, ती यात धरू नका. दहा हजार लिटरचा टँकर वळून संपच्या झाकणापर्यंत पोचतो का, तेही बघा. लँडस्केपवाल्याने मधे कारंजं बांधलेलं असतं. बोअरवेल असेल तर जलस्रोत खात्याकडची नोंदणी मागा.

अर्थिंग उन्हाळ्यात मोजून घ्या. सुकलेली जांभा जमीन विजेला फार विरोध करते. जुलैत चिंब जमिनीत अर्थ पिटचं रीडिंग सुरेख येतं, तोच पिट एप्रिलच्या शेवटी दुप्पट-तिप्पट ओहम दाखवतो, आणि गडगडाट मेमध्येच सुरू होतो. डीबीमध्ये (घरातली विजेची मुख्य पेटी) 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की तोडणारा स्विच, आणि सर्ज प्रोटेक्शन (अचानक वाढलेल्या दाबापासून संरक्षण) आहे का बघा. आरसीसीबीचं टेस्ट बटण स्वतः दाबा.

उतारावरचा प्रकल्प असेल तर चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) कंपाउंड भिंतीकडे नीट बघा. मागे भराव आणि भिंतीत पाणी निघायची भोकं नाहीत, ही पडायची तयारी. दर दीड-दोन मीटरला 75 ते 100 मिमीचा पाइप हवा, आणि पाइपमागे खडी. नुसता पाइप चिखलाने पहिल्याच पावसात बुजतो. डोंगर कापला किंवा सखल जागा भरली असेल तर नगरनियोजन कायद्याच्या 17ए खालची परवानगी मागा. सखल शेत भरून केलेले रस्ते पेव्हरच्या लाटांवरून ओळखू येतात.

घरात: सपाट गच्ची आणि बाथरूम यांना 50 मिमी पाणी 48 तास साठवून खालून छत बघा. कॉलम आणि चिऱ्याची भिंत जिथे मिळतात तिथे उभी सरळ चीर दिसली तर प्लास्टरखाली जाळी नाही. नुसतं पुट्टी भरून रंग लावला तर पुढच्या वर्षी तीच चीर तिथेच. छोट्या पुलाची पातळी पेन्सिलने खूण करून 24 तासांनी बघा, आणि पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवून तिच्यातही खूण करा. दोन्हीत सारखं उतरलं तर बाष्पीभवन, पूल जास्त उतरला तर गळती.

जमाखर्च

8,200 वर जीएसटी का, हे समजून घ्या. सोसायटीने आपल्या सभासदांकडून घेतलेला मेंटेनन्स महिना 7,500 पर्यंत माफ असतो. बिल्डरला ही माफी नाही, तो पहिल्या रुपयापासून 18 टक्के लावतो. म्हणजे आज तुम्हाला 9,676 पडतात. सोसायटीने खर्च 7,500 मध्ये बसवला तर महिना घरटी 2,176 वाचतात. म्हणून 24 महिने आगाऊ देण्याऐवजी सहा महिने द्या आणि उरलेले 'संस्थेला हस्तांतर होईपर्यंत तिमाही' असं लिहून घ्या.

निम्म्याहून जास्त घरं बुक झाल्यावर तीन महिन्यांत खरेदीदारांची संस्था उभी करून देणं रेराखाली बिल्डरचं काम आहे. गोव्यात बहुतेक ठिकाणी सहकार कायदा 2001 खाली मेंटेनन्स सोसायटी नोंदवतात. तीनही फेजची एकच सोसायटी की तीन, हे आत्ताच ठरवा. तीन झाल्या तर क्लबहाउस आणि एसटीपीवरून भांडण ठरलेलं.

मालक मुंबई, दिल्ली, दुबईला असतात, सभा भरत नाही. सभेची तारीख 26 ते 30 डिसेंबरच्या दरम्यान ठेवा, तेव्हाच माणसं सापडतात. घरं पर्यटकांना भाड्याने देणाऱ्यांनी पर्यटन खात्याची नोंदणी दाखवावी आणि त्यांच्याकडून पाणी-एसटीपीचा वेगळा आकार घ्यावा, हे पोटनियमांतच घाला. नंतर ठराव करायला गेलं की तेच बहुमतात असतात.

अंदाजपत्रक मागाल तेव्हा सुरक्षारक्षकांची संख्या तपासा. एक गेट 24 तास, आठ तासांच्या पाळ्या आणि साप्ताहिक सुट्टी धरली तर साडेतीन माणसं लागतात. कागदावर सहा आणि गेटवर दोन दिसले तर हजेरीपट मागा.

चिऱ्याचं_घर

सगळ्यांना देव बरें करूं. अवर मीटर बघून आलो. 24 तासांत दोन्ही ब्लोअर मिळून नऊ तास.

ब्लोअर_खोली

मग वास तिथलाच. दोन्ही फोटो तारीख-वेळेसकट जोडून बिल्डरला मेल टाका, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चालवण्याच्या संमतीची प्रत व गेल्या सहा महिन्यांचे पाणी तपासणी अहवाल मागा. ब्लोअर चोवीस तास सुरू झाला की पहिल्या दिवशी वास वाढेल, घाबरून बंद करायला सांगू नका. तीन-चार दिवसांत उतरतो, गाळ तपकिरी व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

चिऱ्याचं_घर

मेल टाकला. रविवारी पन्हळींत रंग ओततो, 64 घरांचा नकाशा छापून घेतलाय.

गडगा

बीटचा रस चालतो, पण लाल चिऱ्याच्या मातीत दिसत नाही. हिरवा घ्या.