अठराव्या शतकातलं फ्रेंच पात्र: पोशाखात अचूकपणा किती आणि कुठे? (चर्चेचा धागा)

सुईदोरा

नाटक, चित्रकथा किंवा गेमसाठी १८व्या शतकातलं फ्रेंच पात्र बेतताना बहुतेक जण सुरुवात झालर, लेस आणि पांढऱ्या टोपापासून करतात. माझ्या मते आधी साल ठरवावं, मग पात्राची ऐपत, मग आतले कपडे, आणि वरचं कापड सगळ्यात शेवटी. क्रम उलटा झाला की १७४५चा रुंद घेर, १७७८चा केसांचा मनोरा आणि १९व्या शतकातली आवळलेली कंबर एकाच बाईच्या अंगावर येते.

ढोबळ टप्पे असे. १७२०च्या सुमारास खांद्यापासून सुटा पडणारा सैल झगा. १७४०-५०मध्ये समोरून अंगाशी बसलेला, पाठीवर मोठ्या चुण्या सोडलेला रोब आ ला फ्राँसेझ आणि त्याखाली रुंद पानिए, म्हणजे कमरेच्या दोन्ही बाजूंना घेर उचलून धरणारा सांगाडा. १७७०च्या दशकात घोळ वर ओढून घेतलेली पोलोनेझ. १७८०च्या दशकात पाठीला बसणारा आँग्लेझ आणि पांढरी मलमल. याला अपवाद दरबाराचा: व्हर्सायच्या औपचारिक समारंभात तेव्हाही पानिए लागायचाच.

अंगावर चढवण्याचा क्रम: लिननची शमीझ (आतला सैल सदरा), गुडघ्याशी फितीने बांधलेले मोजे, कॉर (धडाला आकार देणारा, व्हेलबोनच्या पट्ट्या घातलेला आतला कपडा), कमरेला नाडीने बांधलेले सुटे खिसे, पानिए किंवा मागची उशी, परकर, मग रोब. रोब समोरून उघडा असतो. छातीवरची त्रिकोणी पट्टी, पिएस देस्तोमा, टाचण्यांनी कॉरला टाचायची आणि रोबच्या कडा तिच्यावर टाचायच्या.

सगळ्यात जास्त घोळ कॉरचा होतो. तो पुढच्या शतकातला कॉर्सेट नाही. तो धडाला शंकूचा आकार देतो: समोरून सपाट, छाती वर, खांदे मागे. खालची कड कमरेपर्यंत चिरून पाकळ्या केलेल्या असतात. त्या नितंबावर पसरतात म्हणून परकरांच्या नाड्या कमरेत रुतत नाहीत. नाडी एकच, खाली गाठ मारून नागमोडी वर नेलेली, म्हणून दोन्ही बाजूंची भोकं समोरासमोर न येता अर्ध्या अंतराने सरकलेली असतात आणि दोऱ्याने हातानं बांधलेली असतात. धातूच्या चकचकीत रिंगा १९व्या शतकातल्या.

आज शिवायचा तर लिननचे दोन थर, त्यात ६ ते ८ मिमीच्या नळ्या, आत कृत्रिम व्हेलबोन किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे रुंद केबल टाय. टोकं घासून गोल करायची, नाहीतर आठवड्याभरात कापड फाडून बाहेर येतात. अंगाच्या मापापेक्षा ५ सेंमी कमी बेता. मागे तेवढी फट राहिली नाही तर आवळायला जागाच उरत नाही. आणि रोबचं माप कॉर चढवल्यावरच घ्या. उघड्या अंगावर घेतलेल्या मापाने बेतलेला रोब छातीवर फुगतो आणि काखेत ओढतो.

पडद्यामागे

सुईदोराताई, क्रम मान्य, आग्रह अमान्य. चित्रात टाचण्या ठीक आहेत. रंगमंचावर टाचण्यांनी बंद केलेल्या पोशाखात झटापट, मिठी, पडणं यातलं काहीच करता येत नाही. दोन प्रवेशांमध्ये ४० सेकंद मिळतात. शेवटची रांग २० मीटरवर असते. तिथून भोकं सरकलेली आहेत की समोरासमोर, हे कुणालाही दिसत नाही. दिसते ती बाह्याकृती: खांदा किती उतरता, कंबर कुठे, घेर किती, बाही कुठे संपते.

म्हणून पिएस देस्तोमा एका बाजूने कायमची शिवून टाका, पाठीत चेन लावा, शमीझ सुती करा आणि ती रोज धुता येईल अशी ठेवा. वरचं पॉलिएस्टर ब्रोकेड चालेल. वाचलेले पैसे पानिए आणि कॉरवर घाला, कारण बाह्याकृती त्यांच्यामुळे येते.

सुईदोरा

पैसे आतल्या थरांवर घालायचे हे शंभर टक्के पटलं. चेनलाही माझी हरकत नाही. पाठीतल्या चेनला आहे. फ्राँसेझचा सगळा जीव पाठीत आहे. तिथे गळ्याशी दुहेरी चुण्यांचे दोन गठ्ठे घातलेले असतात, वर थोड्या अंतरापर्यंतच दाबून शिवलेले, आणि पुढे कापड जमिनीपर्यंत सुटं पडतं. मधोमध चेन आली की हे दोन गठ्ठे दोन दिशांना फाकतात आणि झगा मागून पडद्यासारखा दिसतो.

तुमच्या अडचणीवर त्या काळातच तोड निघाली होती. चुण्यांच्या खाली अंगाशी बसणारं लिननचं अस्तर असतं आणि त्याला पाठीत नाडी असते. तिच्यावर माप कमी-जास्त करता येतं, बाहेरून काही दिसत नाही. दोन नट्यांना एकच पोशाख द्यायचा असेल तर ही नाडी फार उपयोगाची. आणि समोरच्या टाचण्यांऐवजी काँपेर करा: पिएस देस्तोमाचे दोन भाग, रोबच्या कडांनाच शिवलेले, मधोमध बटणांनी बंद होणारे. १७६०नंतरच्या पोशाखांत ते सर्रास आहे. बटणं नुसती शोभेची ठेवून खाली हुक किंवा चेन लावली तर ४० सेकंदांत काम होतं.

पॉलिएस्टरबद्दल दोन गोष्टी. एक म्हणजे सॅटिन घेऊ नका, कडक तफेता (करकरीत, घडी धरणारं कापड) घ्या. सॅटिन दिव्याखाली पाण्यासारखं चमकतं आणि चुण्या धरत नाही. दुसरी गोष्ट पन्ह्याची. फ्रान्सच्या ल्यॉं शहरातल्या रेशमाचा पन्हा साधारण ५० ते ५५ सेंमी असे, त्यामुळे परकरावर तेवढ्या अंतराने उभे जोड दिसतात. आजचं ११० किंवा १४० सेंमी पन्ह्याचं कापड तसंच वापरलं की घेर कोरा, सपाट वाटतो. दर ५४ सेंमीवर आतून बारीक टीप मारून खोटा जोड काढा.

पानिएवरचा परकर बेतताना खालची कड सरळच ठेवा आणि उंचीचा फरक कमरेत काढा. बाजूला सांगाड्यावरून जाणाऱ्या कापडाला जास्त लांबी लागते. ती खालून कापून जमवली की फुलांची ओळ वाकडी होते आणि बाजू जमिनीपासून उचलली जाते.

रेघोट्या

चित्रकाराच्या बाजूने लिहितो. एका पात्राची शेकडो चित्रं काढायची असतात. ब्रोकेडची फुलं प्रत्येक चौकटीत चुण्यांप्रमाणे वळवत बसणं शक्य नाही. वाचकाला पात्र आधी आकार आणि रंगावरून ओळखू यायला हवं. म्हणून एका पात्राला एक पोशाख, दोन रंग, एक खूण, एवढंच मी धरतो. साल १७५२ की १७५८ या वादाने गोष्ट पुढे जात नाही. खलनायकाला काळा रंग दिला की तीन पानांचं काम एका चौकटीत होतं.

अस्तर

रेघोट्या, काळ्याने नेमकं उलटं होतं. त्या काळी काळा म्हणजे सुतक, वकील, न्यायाधीश किंवा पाद्री. मे १७८९मध्ये एस्टेट्स जनरल, म्हणजे पाद्री, सरदार आणि सामान्य या तीन वर्गांची सभा, भरली तेव्हा तिसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधींना साधा काळा पोशाख नेमून दिला होता आणि सरदारांना जरीकामाचा. काळ्या कपड्यातला माणूस जाणत्या वाचकाला वकील वाटेल, दुष्ट नाही. श्रीमंत आणि क्रूर माणूस दाखवायचा तर फिकट गुलाबी रेशमावर कशिदा काढा. गुलाबी तेव्हा बायकी मानत नव्हते.

पुरुषांच्या कपड्यांबद्दल धाग्यात अजून कुणीच बोललेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. अबी, वेस्त, कुलॉत: कोट, आतली बंडी, गुडघ्यापर्यंतची विजार. १७३०च्या दशकात कोटाच्या बाजूंना पंख्यासारख्या भरगच्च चुण्या असत, आत कडक कापड घालून फुगवलेल्या. बंडी जवळजवळ कोटाइतकी लांब आणि बाह्या मोठ्या उलटलेल्या. पुढे सगळं आटत जातं. १७८०च्या दशकात कोटाच्या पुढच्या कडा मागे वळतात, कॉलर उभी राहते, बाही अरुंद होते आणि बंडी कमरेशी येते. नुसती बंडीची लांबी बघून दशक सांगता येतं.

आजच्या सुटाचा बेत घेऊन त्यावर जरीकाम लावणं ही नेहमीची चूक. त्या कोटाला खांद्यात भरण नसतं; खांद्याची शिवण पाठीकडे सरकलेली, पाठ अरुंद, काख उंच आणि बाही कोपरात वाकवूनच कापलेली. त्यामुळे माणूस छाती काढून उभा राहतो. विजार मांडीला घट्ट पण बुडाला ढगळ, आणि मागे कमरपट्टीत नाडी. ढगळपणा कुरूप दिसतो म्हणून लोक काढून टाकतात. मग नट खाली बसला की शिवण उसवते, कारण कापड ताणलं जात नाही आणि कंबर उंच असते.

कशिद्यासाठी एक सूचना. कोटाचे भाग कापण्याआधी सपाट रेशमावर आखून कडा, खिशाचे पल्ले, बटणांच्या गोल चकत्या असं सगळं भरून घेत आणि मग कापत. म्हणून वेलबुट्टी कडेबरोबर अचूक वळते. तयार लेस चिकटवली तर ती वळणावर गोळा होते आणि शेवटच्या रांगेतूनही कळते.

छीटवाली

सगळा धागा रेशमातच चाललाय. पॅरिसच्या रस्त्यावरची बहुतेक माणसं लोकर, लिनन आणि जुन्या कपड्यांच्या दुकानातला माल घालत होती. कामकरी बाईला आखूड जाकीट, घोट्याच्या वरचा परकर, एप्रन, गळ्यात रुमाल आणि डोक्याला टोपी. परकर लांब काढला की ती पाण्याची बादली उचलून जिना चढणार कशी?

आणि आपल्याकडच्या छीटेचा मान तिला द्या. कोरोमांडल किनाऱ्यावरची रंगीत सुती कापडं तिकडे इतकी खपू लागली, की रेशीम आणि लोकर विणणाऱ्यांच्या दबावाखाली फ्रान्सने १६८६मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. बंदी १७५९पर्यंत टिकली. कापड आणणं, छापणं, अंगावर घालणं, सगळंच गुन्हा. चोरटा माल तरीही येतच होता. म्हणजे १७३५च्या कथेत नायिका छीट घालून रस्त्यावर आली तर ती कायदा मोडते आहे. १७६५मध्ये तोच परकर साधा, कायदेशीर असतो. तोवर ओबेरकांफ यांचा झुई गावातला सुती कापड छापण्याचा कारखाना सुरू होऊन ५ वर्षं झालेली असतात. रेघोट्या, साल बदललं तर गोष्ट बदलते ती अशी.

चित्रासाठी: तफेताच्या घडीला कोन असतो, छीटेची घडी गोल पडते. पांढरी मलमल तर अंगाबरोबर वाहते. तिला गळ्याशी नाडीच्या चुण्या आणि कमरेला रुंद पट्टा पुरतो. १७८३मध्ये मारी आंत्वानेतचं अशा मलमलीतलं चित्र पॅरिसच्या सलाँ या चित्रप्रदर्शनात लागलं, लोकांना राणी आतल्या शमीझमध्ये बसल्यासारखी वाटली आणि ते काढून रेशमी पोशाखातलं लावावं लागलं.

पडद्यामागे

छीटेचा मुद्दा उत्तम. पण मग ‘आधी साल ठरवा’ हा नियमच डळमळतो. रेशीम महाग आणि शिलाई स्वस्त, म्हणून लोक एकच कापड वर्षानुवर्षं उसवून नव्याने शिवत. १७७५च्या कथेत गावाकडची आत्या १७५०च्या कापडात असणं हेच खरं. सगळी पात्रं एकाच सालच्या फॅशनमध्ये उभी केली तर ते दुकान वाटतं, गाव नाही.

सुईदोरा

हे मान्य, माझं वाक्य अपुरं होतं. दोन सालं ठरवायला हवीत: कथेचं एक आणि कापड विकत घेतल्याचं एक. श्रीमंत दरबाऱ्यात दोन्ही सारखी, आत्यामध्ये २५ वर्षांचं अंतर, मोलकरणीच्या अंगावर मालकिणीने दिलेला जुना रोब.

पण हे अंतर दिसायला हवं. जुन्या फ्राँसेझच्या पाठीच्या चुण्या उसवून अंगाशी बसणारी पाठ केली, तर चुणीच्या आत दडलेली पट्टी बाहेर येते. ती बाकीच्या कापडापेक्षा गडद असते, कारण तिने ऊन पाहिलेलं नसतं. तिच्या कडेने जुन्या टाक्यांची बारीक भोकं राहतात, रेशमात ती बुजत नाहीत. काखेखाली फुलांची जुळणी न करता लावलेला तुकडा येतो, कारण तिथे कुणी बघत नाही. हिरवं रेशीम असेल तर उघडी बाजू निळसर झालेली दाखवा. तेव्हाचा हिरवा पिवळ्यावर निळा चढवून करत आणि पिवळा आधी उडतो.

अस्तर

पावडरचंही तेच. केसांची पावडर पिठूळ असते, पोमेडवर (केसांना लावायच्या चरबीच्या लेपावर) बसते, रंग राखाडी येतो आणि कोटाच्या खांद्यावर सांडते. चमकणारा पांढराशुभ्र टोप कुठल्याच सालात बसत नाही.

रेघोट्या

फुलं गाळणं मी सोडणार नाही, आणि माझी मोलकरीण दोन रंगांतच राहील. मात्र रोब मालकिणीचाच उतरलेला देतो, फिकट निळा. बाहीची लेस काढून घेतलेली आणि पाठीत दोन गडद उभ्या पट्ट्या. त्या प्रत्येक चौकटीत काढायला दोन रेघा लागतात, आणि लांबून तिची खूणही त्याच होतील. खलनायकाचा काळा रंग तेवढा अजून सोडवत नाही. त्याला वकीलच करावं का, ते बघतो.